विश्लेषण : मऊ सीट घेऊनही सायकलवर बसणे नकोसे का होते? योग्य सीट कशी निवडावी?

पहाटे साडेपाचला गंगापूर रोडवर उभे राहिले, की सोमेश्वरकडे आणि पुढे धरणाकडे निघालेले सायकलस्वारांचे ताफे दिसतात. त्यांत दर महिन्याला काही नवे चेहरे असतात आणि काही जुने गायब झालेले असतात. सायकल सोडणाऱ्याला कारण विचारले तर तो वेळेचे, कामाचे, गुडघ्याचे सांगतो. खरे कारण बऱ्याचदा त्याला चारचौघांत सांगायचे नसते : बसवत नाही. बैठक दुखते, मांड्या सोलवटतात किंवा नको तो भाग बधिर होतो. यावर बहुतेक जण पहिला उपाय करतात तो सीटवर जेलचे जाड कव्हर चढवण्याचा. नेमका हाच उपाय अनेकदा दुखणे वाढवतो. असे का होते?

नाशिकमध्ये या प्रश्नाची चर्चा जास्त का?

लांब पल्ल्याच्या सायकलिंगचे वेड नाशिकला लागले आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ ही स्पर्धा दोघांच्या संघातून पूर्ण केली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर अंतर नऊ दिवसांच्या मुदतीत कापायचे, असे तिचे स्वरूप. ती पूर्ण करणारे ते पहिले भारतीय ठरले. दोनच वर्षांनी, २०१७ मध्ये, लष्करातील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी हीच स्पर्धा एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पुरी केली. यातले गोकुळनाथ त्या वेळी नाशिककर होते.

त्यानंतर शहरात सायकल हातात घेणाऱ्यांची संख्या वाढली. ‘ब्रेव्हे’ प्रकारातल्या २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २० तास, ४०० साठी २७ तास आणि ६०० साठी ४० तास मिळतात. म्हणजे सर्वात छोट्या ब्रेव्हेतही माणूस दिवसभर सीटवर असतो. शिवाय आषाढी एकादशीच्या आधी नाशिक सायकलिस्ट फाउंडेशनची पंढरपूर सायकलवारी निघते. सिन्नर, नगर, करमाळा, टेंभुर्णी असा हा सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढचा रस्ता. वारीला जाणाऱ्यांत मुरलेले सायकलस्वार असतात, तसेच जन्मात पहिल्यांदा सलग पन्नास किलोमीटर चालवणारेही असतात. सीटची खरी परीक्षा या दुसऱ्या गटाची होते. दिवसाला आठ तास, मिनिटाला ६०-६५ फेरे असे धरले तरी एक मांडी सीटच्या कडेला दिवसभरात तीस हजार वेळा घासते. घरापासून भाजी बाजारापर्यंत न जाणवणारी अर्ध्या सेंटिमीटरची चूक इथे फोड होऊन बाहेर येते.

बसल्यावर भार नेमका कुठे पडतो?

लाकडी पाटावर किंवा एसटी स्थानकातल्या दगडी बाकावर थोडा वेळ बसले, की खाली दोन हाडे टोचू लागतात. ती कटीच्या हाडाची खालची टोके. शरीराचा भार पेलण्यासाठीच ती बनलेली आहेत. त्यांच्यावरची त्वचा आणि स्नायू तीन-चार आठवड्यांत सायकलच्या सीटला सरावतात. म्हणून नव्या सायकलस्वाराला पहिले काही दिवस या दोन ठिकाणी दुखले तर त्यात काळजीचे काही नाही.

काळजी करायची ती मधल्या जागेची. या दोन हाडांच्या मध्ये, जननेंद्रिय आणि गुदद्वार यांच्या दरम्यान मऊ भाग असतो. जननेंद्रियाला रक्त नेणारी धमनी आणि तिथली संवेदना मेंदूपर्यंत नेणारा मुख्य चेतातंतू हाडाच्या आतल्या कडेने याच भागात येतात. या जागेवर निसर्गाने भार अपेक्षित धरलेलाच नाही. सीट चुकीची असली की हाडांवर पडायचा भार या भागावर पडतो. आधी मुंग्या येतात, मग बधिरपणा. चांगली सीट म्हणजे जिच्यावर बसल्यावर भार दोन हाडांवर राहतो आणि मधला भाग मोकळा राहतो ती. बाकी सगळे, म्हणजे जेल, फोम, चामडे, कार्बन, त्यानंतर.

मऊ सीटने काय बिघडते?

मळलेल्या कणकेच्या गोळ्यावर दोन मुठी दाबल्या, की मधली कणीक फुगून वर येते. जाड, मऊ सीटचेही तसेच होते. दोन हाडे फोममध्ये किंवा जेलमध्ये रुततात आणि मधला फोम वर येऊन नको त्या जागी दाब देतो. दुकानात अंगठा दाबून पाहिल्यावर जी सीट सर्वात सुखाची वाटते, ती दहा मिनिटे छानच वाटते. तासाभराने तीच नकोशी होते. अंगठ्याने दाबून पाहणे ही गादी घेण्याची पद्धत आहे आणि सायकलच्या सीटसाठी ती जवळजवळ निरुपयोगी आहे.

जर्मनीतल्या कोलोन येथील डॉक्टरांनी याची मोजणी केली आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २० निरोगी पुरुषांना वेगवेगळ्या सीटवर बसवून सायकल चालवायला लावली आणि जननेंद्रियाच्या त्वचेपर्यंत किती प्राणवायू पोहोचतो, हे संवेदकाने टिपले. अरुंद आणि भरपूर गादी असलेल्या सीटवर हे प्रमाण सुमारे ८२ टक्क्यांनी घसरले. गादी नसलेल्या रुंद चामडी सीटवर घसरण सुमारे ६४ टक्के होती. पुढचे नाक नसलेल्या रुंद सीटवर मात्र ती केवळ २० टक्क्यांच्या आसपास राहिली. अभ्यास लहान होता, पण त्याचा निष्कर्ष स्पष्ट होता : गादी किती जाड, यापेक्षा सीट पुरेशी रुंद आहे का, हाडांना आधार मिळतो का, हे महत्त्वाचे.

जेलच्या कव्हरचा आणखी एक दोष आहे. ते दोरीने बांधलेले असते. पायडल मारताना ते सरकते, सुरकुतते, आणि ती सुरकुती मांडीच्या आतल्या बाजूला घासते. मूळ सीट अरुंद असेल तर कव्हर चढवून ती जाड होते, पण हाडांना आधार देणारी खालची चौकट अरुंद ती अरुंदच राहते.

बधिरपणा किती गंभीर मानावा?

या विषयावर सायकलस्वारांच्या गप्पांत दोन टोके ऐकू येतात. एक, ‘सायकलने पुरुषत्व जाते’; दुसरे, ‘बधिर होतेच, सवय होते’. दोन्ही चुकीची.

पहिल्या भीतीबद्दल. ब्रिटनमध्ये पाच हजारांहून अधिक पुरुष सायकलस्वारांची माहिती घेऊन २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सायकलवरचे तास आणि लैंगिक दुर्बलता किंवा वंध्यत्व यांचा संबंध आढळला नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील संशोधकांनी सायकलस्वारांची तुलना पोहणारे आणि धावणारे यांच्याशी केली. त्यातही सायकलस्वारांची लैंगिक वा मूत्रविषयक स्थिती वाईट दिसली नाही. बधिरपणाची तक्रार मात्र सायकलस्वारांत अधिक होती. जे एकूण वेळेपैकी २० टक्क्यांहून जास्त वेळ पायडलवर उभे राहून चालवत, त्यांच्यात ती कमी आढळली.

आता दुसरे टोक. बधिर होणे म्हणजे चेतातंतूवर किंवा रक्तवाहिनीवर दाब येत असल्याची शरीराने दिलेली सूचना. त्याची सवय करून घ्यायची नसते. अमेरिकेत सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांच्या तक्रारींवर तिथल्या व्यावसायिक आरोग्यविषयक सरकारी संस्थेने काम केले. ९० पोलिसांना सहा महिने नाक नसलेल्या सीट वापरायला दिल्या. सायकल चालवताना बधिरपणा अजिबात येत नाही असे सांगणाऱ्यांचे प्रमाण आधी २७ टक्के होते, ते सहा महिन्यांनी ८२ टक्क्यांवर गेले. मधल्या भागावरचा दाब ६६ टक्क्यांनी कमी झाला होता. २००८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कामासाठी सायकलवर असणाऱ्या माणसालाही, सीट बदलली तर, बधिर व्हावे लागत नाही, एवढे त्यातून नक्की दिसते.

मग सगळ्यांनीच बिननाकाची सीट का घेऊ नये? कारण नाकाचा उपयोग असतो. वळणावर आणि उतारावर मांड्यांनी नाकाला धरूनच सायकल ताब्यात राहते. ते नसेल तर शरीर पुढे घसरते आणि मनगटांवर भार येतो. कसारा घाटाच्या उतारावर किंवा पेठच्या रस्त्यावरच्या वळणांवर याचा फरक कळतो. त्यामुळे बाजारात मधला मार्ग रुळला : नाक आखूड आणि मध्ये खाच किंवा आरपार फट असलेली सीट. बहुतेकांना ती मानवते. मात्र काहींना फटीच्या दोन्ही कडाच बोचतात. फट आहे म्हणून सीट चांगली, असे डोळे झाकून मानू नये.

बधिरपणा सायकलवरून उतरल्यावर काही मिनिटांत जात असेल तर सीटची मांडणी बदलावी. तो काही तास टिकत असेल, दर वेळी येत असेल, लघवीला जळजळ होत असेल किंवा गाठ लागत असेल, तर सायकल बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे. मधुमेहींनी बैठकीवरच्या साध्या फोडाकडेही दुर्लक्ष करू नये.

मग दूधवाल्याची स्प्रिंगची सीट चालते कशी?

सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत पाळीला जाणारे कितीतरी कामगार आजही जुन्या पद्धतीच्या काळ्या सायकलवर दिसतात. दूधवाले, पेपरवालेही. त्या सायकलची सीट रुंद, मागे दोन जाड स्प्रिंग. वीस-वीस वर्षे तीच सीट वापरणारा माणूस बसवत नाही म्हणून तक्रार करत नाही. हौशी सायकलस्वार तीच सीट आपल्या रोड बाइकवर लावायला गेला तर मात्र दहा किलोमीटरवर मांड्या सोलून घेतो.

फरक बसण्याच्या पद्धतीत आहे. काळ्या सायकलचे हँडल उंच आणि जवळ असते. माणूस ताठ बसतो, जवळजवळ सगळा भार सीटवर असतो आणि तो कटीच्या हाडाच्या मागच्या, रुंद भागावर येतो. खड्डा आला की धक्का थेट कण्यात जातो, म्हणून स्प्रिंग. रोड बाइकवर माणूस पुढे वाकतो. भार सीट, हात आणि पाय यांत वाटला जातो. कटीचे हाड पुढे कलते आणि त्याचा पुढचा भाग सीटवर टेकतो. ही दोन हाडे पुढच्या बाजूला एकमेकांजवळ येत जातात, त्यामुळे जितके वाकून बसायचे तितकी अरुंद सीट लागते. एमटीबी आणि हायब्रिड या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. म्हणूनच ‘सर्वात आरामदायी सीट कोणती’ हा प्रश्न अर्धवट आहे. तुम्ही कोणत्या सायकलवर, किती वाकून, किती वेळ बसता हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही. रोज चार किलोमीटर ताठ बसून शाळेत मुलाला सोडणाऱ्यासाठी रुंद, थोडी मऊ सीट उत्तमच. तिथे वर सांगितलेले सारे धोके फारसे लागू होत नाहीत.

चामड्याच्या सीटचे प्रकरण याहून निराळे. इंग्लंडमधल्या जॉन बोल्टबी ब्रूक्स यांनी १८८२ मध्ये चामडी सीटचे पेटंट घेतले. ते घोड्यांचा साज आणि चामड्याचे सामान बनवणारे. घोडा मेल्यावर उसन्या सायकलवर बसायची वेळ आली आणि तिची सीट सोसेना म्हणून स्वतःच बनवली, अशी गोष्ट ती कंपनी आजही सांगते. या सीटला गादी नसते. लोखंडी चौकटीवर जाड चामडे ताणून बसवलेले असते आणि काही शे किलोमीटरनंतर ते नेमके त्या माणसाच्या दोन हाडांपुरते दबते. म्हणजे मऊपणा नाही, पण माप अचूक. लांब पल्ल्याच्या जुन्या सायकलस्वारांचा तिच्यावर जीव असतो. आपल्याकडे अडचण पावसाची. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात भिजलेल्या चामड्यावर तसेच बसून राहिले तर ते कायमचे झोळीसारखे लोंबते. पावसाळ्यात कव्हर आणि अधूनमधून चामड्याला लावायचे मेण, एवढी उस्तवार करायची तयारी नसेल त्याने या वाटेला जाऊ नये.

नवी सीट घेण्याआधी काय तपासावे?

हा भाग दुकानदार सहसा सांगत नाही, कारण त्यात विक्री नाही. सीटच्या तक्रारींपैकी बऱ्याच सीट न बदलता मिटतात.

पहिली गोष्ट उंची. सायकल भिंतीला टेकवून सीटवर बसावे. एक पायडल अगदी खाली न्यावे आणि त्यावर टाच ठेवावी. गुडघा सरळ व्हायला हवा, पण कंबर त्या बाजूला झुकता कामा नये. मग नेहमीसारखा चवडा ठेवला की गुडघ्यात हलका बाक राहतो. हीच योग्य उंची. सीट याहून उंच असेल तर प्रत्येक फेऱ्याला कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि मधला भाग सीटच्या नाकावर करवतीसारखा घासत राहतो. मांडी सोलवटण्याचे हे सर्वात मोठे आणि सर्वात दुर्लक्षित कारण. मागून चालवणाऱ्या मित्राला आपली कंबर डुलते का ते पाहायला सांगावे. उलट सीट खूप खाली असेल तर पायांवर भार येत नाही, सगळा बैठकीवर येतो आणि गुडघेही कुरकुरतात. बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीवर टेकावेत म्हणून सीट खाली ठेवणारे नवखे याच गटात मोडतात. सिग्नलला सीटवरून पुढे उतरून उभे राहायची सवय केली, की हा हट्ट सुटतो.

दुसरी गोष्ट कल. मोबाइलमधल्या पाणसळीच्या ॲपने किंवा गवंड्याकडच्या पाणसळीने सीट सपाट आहे का पाहावे. नाक वर असेल तर मधल्या भागावर दाब ठरलेलाच. जुन्या पद्धतीच्या सायकलमध्ये सीटखालचा नट खड्ड्यांनी हळूहळू ढिला होतो, मागची बाजू खाली बसते, नाक वर येते. आपल्याला वाटते सीट जुनी झाली. पान्याने नट आवळला तरी काम होते. नाक एक-दोन अंश खाली चालते. त्याहून जास्त केले तर माणूस पुढे घसरतो आणि तळहात दुखू लागतात.

तिसरी, सीट पुढे-मागे किती. हँडल फार लांब वाटत असेल तर माणूस नकळत सीटच्या नाकावर सरकून बसतो. मग सीट कितीही रुंद असो, आधार अरुंद नाकाचाच. अशा वेळी दोष सीटचा नसून हँडलच्या अंतराचा, कधी सायकलच्या मापाचा असतो.

आणि चाकातली हवा. टायरच्या कडेवर हवेचा कमाल दाब छापलेला असतो, तेवढा भरलाच पाहिजे असे नाही. वजनाने हलक्या माणसाने थोडी हवा कमी ठेवली, किंवा सायकलमध्ये बसत असेल तर जरा रुंद टायर घातला, तर खडबडीत रस्त्यावर जो फरक पडतो तो कुठल्याही जेलने पडत नाही.

यातले एका वेळी एकच बदलावे, तेही चार-पाच मिलिमीटरच, आणि दोन-तीन फेऱ्या मारून पाहाव्यात. सगळे एकदम हलवले तर काय लागू पडले ते कळत नाही.

सीटची रुंदी घरी कशी मोजायची?

नालीदार पुठ्ठ्याचा, म्हणजे खोक्याच्या पुठ्ठ्याचा, वहीएवढा तुकडा घ्यावा. तो कडक स्टुलावर किंवा जिन्याच्या पायरीवर ठेवावा. पातळ कपड्यात त्यावर बसावे, सायकलवर वाकतो तेवढे पुढे वाकावे आणि टाचा उचलून अर्धा मिनिट थांबावे. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतात. नीट दिसत नसतील तर वरून खडू किंवा पेन्सिल आडवी फिरवावी. दोन्हींच्या मध्यबिंदूंमधले अंतर मोजावे. बहुतेकांचे ते १०० ते १५० मिलिमीटरच्या दरम्यान येते. त्यात वाकून चालवणाऱ्याने साधारण २० ते २५ मिलिमीटर मिळवावेत, ताठ बसणाऱ्याने त्याहून थोडे जास्त. म्हणजे ११५ मिलिमीटर मोजले गेले तर रोड बाइकसाठी १३५ ते १४० च्या आसपासची सीट पाहायची. ही रुंदी सीटच्या सर्वात रुंद, मागच्या भागाची.

माणूस जाड आहे म्हणून सीट रुंद लागते हा समज खोटा आहे. हाडांमधले अंतर वजनावर अवलंबून नसते. सडपातळ माणसाला रुंद सीट लागू शकते आणि धिप्पाड माणसाला अरुंद.

महिलांसाठी सीट वेगळी असते का?

महिलांची कटी सरासरीने रुंद असते, म्हणून ‘लेडीज’ नावाने मिळणारी सीट रुंद आणि आखूड असते. पण सरासरी ही एका व्यक्तीचे माप नव्हे. पुठ्ठ्याची चाचणी जे सांगेल ते खरे, मग डब्यावर काहीही लिहिलेले असो.

अडचण मापापेक्षा बोलण्याची जास्त आहे. पुरुषांच्या बधिरपणावर निदान थट्टेत तरी बोलले जाते. महिलांना होणारा त्रास, म्हणजे बाह्य जननांगांवर येणारी सूज, घासून होणाऱ्या जखमा, मूत्रमार्गाचा संसर्ग, हा कुणी काढतच नाही. ब्रिटनची पॅरालिम्पिक सायकलपटू हॅना डाइन्स हिने २०१९ मध्ये उघडपणे लिहिले, की सीटच्या सततच्या दाबाने आलेल्या सुजेवर तिला शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. जिच्या पाठीशी प्रशिक्षक आणि डॉक्टरांचा संघ असतो, त्या खेळाडूचीही ही गत. सायकल दुकानात बहुतेक वेळा काउंटरपलीकडे पुरुष असतो. तिथे ‘बसायला त्रास होतो’ एवढेच सांगून स्त्री गप्प राहते आणि तिच्या हाती आणखी मऊ सीट दिली जाते. सायकल गटातल्या अनुभवी महिलांशी बोलणे या बाबतीत दुकानापेक्षा जास्त उपयोगी पडते.

कपड्यांचा वाटा किती?

जीन्सच्या आसनात चार जाड शिवणी नेमक्या त्या जागी येऊन मिळतात, जिथे सीटचा दाब असतो. सलवारीच्या आसनाचा जोडही तिथलाच. एका तासापेक्षा जास्त चालवायचे असेल तर सायकलची पॅड लावलेली चड्डी हा खर्च सीटच्या आधी करावा. तिच्या आत दुसरी अंतर्वस्त्रे घालायची नसतात. संकोचाने अनेक जण घालतात आणि पॅडचा उपयोग घालवून बसतात. चड्डी रोज धुवायची, पूर्ण वाळलेलीच घालायची. जूनमधल्या वारीत हे सांगणे सोपे, करणे अवघड. पहिल्या पावसात भिजलेली चड्डी रात्रीत वाळत नाही, म्हणून किमान दोन हव्यातच. घासणाऱ्या जागी निघण्याआधी व्हॅसलिन लावावे, आणि मुक्कामी पोहोचल्यावर आधी चहा नव्हे, आधी अंघोळ आणि कोरडे कपडे. ओल्या चड्डीत गप्पा मारत बसलेला तास दुसऱ्या दिवशी फोडांच्या रूपाने आठवतो.

खरेदी करताना आणि लांब फेरीआधी…

सीट चपलेसारखी आहे. दुसऱ्याला चावत नाही म्हणून आपल्याला चावणार नाही असे नाही. त्यामुळे कुणाच्या शिफारशीवर महागडी सीट मागवण्याआधी उसनी घेऊन पाहावी. मुरलेल्या प्रत्येक सायकलस्वाराच्या माळ्यावर त्याला न मानवलेल्या एक-दोन सीट पडलेल्या असतात. दुकानात जाताना पुठ्ठा सोबत न्यावा, बदलून मिळेल का हे पैसे देण्याआधी विचारावे. नवी सीट किमान तीन-चार फेऱ्या, त्यातली एक दोन तासांची, एवढी चालवल्याशिवाय तिच्याबद्दल मत बनवू नये. अपवाद बधिरपणाचा. उंची आणि कल नीट असूनही तो पहिल्या फेरीतच आला, तर ती सीट आपली नव्हे.

वारीच्या किंवा ब्रेव्हेच्या आठवड्यात नवी सीट लावणे ही हमखास पश्चात्तापाची गोष्ट. बदल करायचाच तर महिनाभर आधी. फेरीत दर दहा-पंधरा मिनिटांनी पंधरा-वीस सेकंद पायडलवर उभे राहावे. चढ आला की आपोआप होते, पण नगर-करमाळ्याच्या सपाट रस्त्यावर मुद्दाम आठवण ठेवावी लागते. आणि एकदा बसलेली उंची सापडली, की सीटच्या दांडीवर फ्रेमला लागून वीजतारांची काळी चिकटपट्टी गुंडाळून खूण करावी. परतीला सायकली टेम्पोत चढवताना कुणीतरी सीट खाली दाबतोच. ती खूण नसेल तर पुन्हा पहिल्यापासून टाच, पायडल आणि भिंत.